धसक्याची नोंद

४ मे २०१४, रविवार. दिवा–सावंतवाडी पॅसेंजर नागोठणे सोडून रोह्याकडे निघाली होती. मे महिन्याची सुट्टी, लग्नसराई, गावी निघालेली माणसे. निडी गावाजवळ इंजिन आणि त्यामागचे चार डबे रुळांवरून घसरले. वीसच्या आसपास माणसे दगावली, शंभराहून अधिक जखमी झाली. आसपासच्या गावांतले लोक हातातले काम टाकून धावले. जमेल तसे माणसांना बाहेर काढले, पाणी पाजले, चादरी आणल्या. मृतांची यादी झाली, जखमींची यादी झाली, मदत जाहीर झाली.

तिसरी यादी झाली नाही. मागचे डबे रुळांवरच राहिले होते. त्यांतली माणसे हातपाय शाबूत घेऊन खाली उतरली आणि पुढे काय पडले आहे ते बघत चालत निघाली. अशा एका बाईची कल्पना करा. पेणला गाडीत चढलेली, रोह्याला माहेरी निघालेली. कोपर खरचटले, बाकी काही नाही. आठ दिवस ती गप्प होती. मग झोपेतून दचकून उठायला लागली. कुकरची शिट्टी झाली की हातातले भांडे सुटते. रोह्याला जायचे तर नवऱ्याला म्हणते, एसटीने जाऊ, आणि स्टँडवर गेल्यावर म्हणते, नको, घरीच जाऊ. सासू म्हणते, पोरीने धसका घेतलाय. शेजारीण म्हणते, भगताला दाखवा. या बाईने वकिलाकडे जाऊन विचारले, की रेल्वेच्या चुकीने माझे हे झाले, मला काही मिळेल का, तर वकील पहिला प्रश्न विचारील: कुठे लागले?

या एका प्रश्नावर हा लेख आहे. दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे माणसाचे मन मोडले आणि हाड मात्र एकही मोडले नाही, तर कायदा काय म्हणतो? इंग्लंडात काय म्हटले गेले, आपल्याकडे काय म्हटले जाते आणि पेण-रोह्याच्या माणसाच्या हाती त्यातले काय लागते, हे एकदा सलग मांडायला हवे. कारण हा रायगड जिल्हा अपघातांचा आहे. मुंबई–गोवा महामार्ग, पनवेल–रोहा रेल्वे, धाटावची रासायनिक वसाहत, सावित्रीचा पूल, तळीये आणि इर्शाळवाडीच्या दरडी. इथे प्रत्येक तालुक्यात धसका घेतलेली माणसे आहेत.

भाषेने ही जखम कधीच ओळखली आहे. धसका घेतला, हाय खाल्ली, भेदरला, सुन्न झाला, डोक्यावर परिणाम झाला. ‘त्याने हाय खाल्ली आणि गेला’ असे आपण म्हणतो तेव्हा मृत्यूचे कारणच सांगत असतो. कायद्याला मात्र हे कारण मान्य करायला फार वेळ लागला, आणि त्याची सुरुवातही रेल्वेपासूनच झाली.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात आगगाड्या वाढल्या तसे अपघात वाढले. अपघातातून अंगावर ओरखडाही न उमटता बाहेर पडलेली माणसे पुढे काही आठवड्यांनी थरथरायला लागत, झोप उडे, काम होईनासे होई. जॉन एरिक एरिकसेन या लंडनच्या शल्यविशारदाने १८६६ मध्ये यावर व्याख्याने छापली. त्याचे म्हणणे असे, की हादऱ्याने पाठीच्या कण्याला न दिसणारी इजा होते. लोकांनी या आजाराला ‘रेल्वेचा कणा’ असेच नाव पाडले. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज या दुसऱ्या शल्यविशारदाने त्याला उत्तर दिले: कण्याला काही झालेले नाही, हे भीतीचे काम आहे. पेज एका रेल्वे कंपनीच्या नोकरीत होता, म्हणजे कंपनीचे पैसे वाचवणे हे त्याच्या बाजूचे हित होते. तरी वैद्यकाच्या दृष्टीने खरे तोच बोलत होता. माणूस केवळ भीतीने आजारी पडू शकतो, हे त्याने मान्य केले. कायद्यापुढचा पेच तिथूनच सुरू झाला. कणा मोडला तर भरपाई आहे. भीतीला काय?

पहिले मोठे उत्तर १८८८ मध्ये आले, तेही रेल्वेच्या फाटकावरून. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ एक जोडपे रात्री घोडागाडीतून घरी चालले होते. फाटकवाल्याने चुकून फाटक उघडून त्यांना आत घेतले आणि समोरून गाडी आली. गाडी थोडक्यात चुकली, स्पर्शही झाला नाही. बाई मात्र जी बेशुद्ध पडली ती पुढे आजारीच राहिली आणि तिचा गर्भ गेला. प्रिव्ही कौन्सिलने दावा फेटाळला. नुसत्या भीतीने झालेले नुकसान फार दूरचे आहे, ते मान्य केले तर खोट्या दाव्यांना दार मोकळे होईल, असे कारण दिले. प्रिव्ही कौन्सिल म्हणजे त्या काळी आपल्या उच्च न्यायालयांच्याही वरचे न्यायालय. एका फाटकवाल्याची ती चूक आणि तिच्यावरचा तो नकार अशा रीतीने आपल्याकडेही येऊन बसला.

दोनच वर्षांनी आयर्लंडच्या न्यायालयाने हा निकाल पाळायला नकार दिला. तिथे उतारावर गाडीचे डबे सुटून मागे धावले होते आणि एक प्रवासी बाई भीतीने आजारी पडली होती. तिला भरपाई मिळाली. १९०१ च्या खटल्यात लंडनच्या एका दारूच्या गुत्त्यात घोड्यांची गाडी घुसली होती, गल्ल्यामागे उभ्या असलेल्या गरोदर बाईला धक्का बसला, तीही जिंकली. मात्र भीती स्वतःच्या जिवाची असली पाहिजे, असे तिथे ठरले. १९२५ मध्ये ही अटही सैल झाली. चढावर नीट ब्रेक न लावता सोडलेली लॉरी उतरत आली, आणि वळणापलीकडे आपली मुले आहेत या भीतीने एक आई खचली. न्यायालयाने मुलांसाठीची भीतीही भरपाईच्या कक्षेत आणली. पण १९४२ मध्ये एडिंबरात ट्रॅममधून उतरलेल्या एका कोळणीला नकार मिळाला. तिने अपघाताचा आवाज ऐकला होता, नंतर रस्त्यावरचे रक्त पाहिले होते, आणि ती गरोदर होती. ती स्वतः धोक्याच्या कक्षेत नव्हती आणि मेलेला मोटारसायकलवाला तिचा कुणी नव्हता; तिचा दावा संपला.

या साऱ्या निकालांमध्ये एक निकाल मला निडीसाठी फार महत्त्वाचा वाटतो. ४ डिसेंबर १९५७ च्या संध्याकाळी दाट धुक्यात लंडनच्या लुइशॅम भागात दोन गाड्या धडकल्या आणि वरचा पूल डब्यांवर कोसळला. नव्वद माणसे गेली. जवळच राहणारा एक खिडक्या पुसणारा माणूस आवाज ऐकून धावला. तो अंगाने लहान होता, म्हणून डॉक्टरांनी त्याला मोडलेल्या डब्यांच्या फटींतून आत पाठवले, अडकलेल्यांना इंजेक्शन द्यायला. रात्रभर तो त्या लोखंडात सरपटत राहिला. सकाळी घरी आला तेव्हा अंगाला चिखल आणि रक्त होते. पुढे त्याची झोप गेली, काम सुटले, सहा महिने मनोरुग्णालयात काढावे लागले. त्याला त्या रात्री कुणी बोलावले नव्हते, पगार नव्हता, आत कुणी नातेवाईकही नव्हता. १९६७ मध्ये न्यायालयाने सांगितले, की रेल्वे निष्काळजीपणे चालवली तर अपघात होईल, आणि अपघात झाला तर कुणीतरी मदतीला धावेल, हे रेल्वेला आधीच कळायला हवे. धावणाऱ्याच्या मनाला इजा झाली तर जबाबदारी रेल्वेची. तोवर तो माणूस दुसऱ्या कारणाने वारला होता. भरपाई त्याच्या विधवेला मिळाली.

निडीच्या रुळांवर धावलेल्या माणसांची जागा कायद्यात कुठे आहे? रेल्वे कायदा १९८९ ची कलमे १२४ आणि १२४अ प्रवाशासाठी आहेत. गावकरी प्रवासी नाही. मोटार अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने संरक्षण दिले आहे, पण ते त्याच्यावर खटला होऊ नये एवढ्यापुरते. त्याने तिथे काय पाहिले आणि ते त्याच्या डोळ्यांपुढून हलत नाही, याची जबाबदारी कुणावर, याबद्दल ते कलम बोलत नाही. निडीच्या गावकऱ्याला दिवाणी न्यायालयात साधा नुकसानभरपाईचा दावा लावावा लागेल, कोर्ट फी भरावी लागेल आणि वर्षानुवर्षे तारखा घ्याव्या लागतील. असा दावा लावायला कोण जाईल?

इंग्लंडात पुढे काय झाले तेही पाहायला हवे, कारण आपले वकील आजही तिथलेच दाखले देतात. १९८२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, एका आईला भरपाई दिली. अपघातानंतर दोन तासांनी ती रुग्णालयात पोचली होती आणि चिखलाने, तेलाने माखलेली आपली माणसे तिने तशीच पाहिली होती. मग १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात पोलिसांच्या हलगर्जीने चेंगराचेंगरी झाली. मृतांचा आकडा शेवटी ९७ वर गेला. नातेवाइकांचे दावे १९९१ मध्ये लॉर्ड्सपुढे आले आणि लॉर्ड्सनी कुंपण घातले. मृताशी प्रेमाचे घट्ट नाते सिद्ध करा. स्वतः घटनास्थळी किंवा लगेच नंतर हजर असा. डोळ्यांनी पाहा किंवा कानांनी ऐका. दूरदर्शनवर पाहिलेले चालणार नाही. एकाने आठ तासांनी शवागारात जाऊन ओळख पटवली होती. ते ‘लगेच नंतर’ धरले गेले नाही. १९९८ मध्ये त्याच मैदानातल्या पोलिसांचे दावे गेले आणि मदतीला धावणाऱ्यांसाठी १९६७ ला उघडलेले दारही अरुंद झाले: धोक्यात तुम्ही स्वतः होता का, हे दाखवा. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक दार लावले. डॉक्टरांच्या चुकीने आजार वेळीच ओळखला गेला नाही आणि बाप मुलींच्या डोळ्यांसमोर रस्त्यात कोसळून मेला, तरी मुलींना मानसिक आघाताची भरपाई नाही. कारण हा ‘अपघात’ नव्हे.

ही कुंपणे आपल्याकडे आणायची की नाही, हा आजचा खरा प्रश्न आहे. माझे मत स्पष्ट आहे: आणू नयेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, तेव्हा जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि इतर वाहने वाहून गेली. काही मृतदेह काही दिवसांनी, कित्येक कोस खाली, समुद्रकिनाऱ्यांवर सापडले. काही सापडलेच नाहीत. घरचे लोक काठावर पावसात उभे होते. कुणी कपड्यावरून, कुणी अंगठीवरून माणूस ओळखला. इंग्लंडचे माप लावले तर यांच्यातला एकही ‘लगेच नंतर’ मध्ये बसत नाही. ज्याचे माणूस दोन तासांत सापडले त्याचा धक्का खरा, आणि जो पाच दिवस नदीकडे बघत बसला त्याचा नाही, असे म्हणणारा नियम माणसाच्या मनाला ओळखत नाही. नात्याचेही तेच. आपल्या घरांत चुलत भाऊ सख्ख्यासारखा वाढतो, आत्या आई होते, आजी नातवाला वाढवते. त्यांच्या प्रेमाला पुरावा मागत बसणे हा त्या घराचा अपमान आहे.

आता आपल्या कायद्याकडे येऊ. निष्काळजीपणाचा दिवाणी कायदा आपल्याकडे एका पुस्तकात लिहिलेला नाही. तो इंग्रजी न्यायतत्त्वांतून, न्याय, समता आणि सदसद्विवेकाच्या नावाने आला. काळजी घेण्याचे कर्तव्य होते, त्यात कसूर झाली, तिच्यामुळे नुकसान झाले, एवढे दाखवायचे. नुकसान म्हणजे काय, हे मात्र प्रत्येक कायद्याने आपापल्या परीने ठरवले आहे.

फौजदारी कायदा याबाबत जुना आणि शहाणा आहे. १८६० च्या दंड संहितेने ‘इजा’ या शब्दाच्या व्याख्येत शरीर, मन, लौकिक आणि मालमत्ता हे चारही घेतले. भारतीय न्याय संहितेच्या कलम २(१४) मध्ये ते तसेच आले आहे. म्हणजे मनाला इजा होते हे या देशाच्या लिखित कायद्याला दीडशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. पैसे द्यायची वेळ येते तिथे मात्र मन मागे पडते. १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा विधवेला आणि मुलांना भरपाई देतो ती कमावत्या माणसाच्या मिळकतीची. १८५२ मध्येच इंग्लंडात एका विधवेने रेल्वे कंपनीवर लावलेल्या दाव्यात ठरले होते, की तिच्या दुःखाला पैसे नाहीत. त्याच साच्याचा कायदा आपल्याकडे आला.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६५ नुसार न्यायाधिकरणाकडे दावे येतात ते मृत्यूचे, शारीरिक इजेचे आणि तिऱ्हाइताच्या मालमत्तेच्या नुकसानीचे. कलम १६८ ‘न्याय्य भरपाई’ द्यायला सांगते. पहिल्या शब्दाने दार अरुंद केले, दुसऱ्याने रुंद. सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या शब्दाचा आधार घेऊन बरेच काही दिले आहे. १९९५ च्या हट्टंगडी खटल्यात, मुंबईच्या एका वकिलाच्या अपघातावर निकाल देताना, न्यायालयाने मानसिक आणि शारीरिक धक्का, वेदना, हताशा, मनावरचा ताण यांना भरपाईत जागा दिली. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात ‘वेदना, यातना आणि आघात’ असे स्वतंत्र सदर आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका खटल्यात याच सदराखाली १५ लाख रुपये दिले गेले. पण या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: आधी शरीर मोडलेले आहे, आणि मनाचे दुःख त्याच्या मागे आले आहे. मन शेपटासारखे आले तर चालते, एकटे आले तर दारात थांबते. माणूस मेला असेल तर प्रणय सेठी (२०१७) आणि मॅग्मा (२०१८) या निकालांनी पती-पत्नी, आईबाप, मुले यांना सहवास गमावल्याबद्दल ठरावीक ४० हजार रुपये आणि त्यावर वेळोवेळी वाढ दिली. आईला पुढे वेड लागले की ती सावरली, याचा त्या आकड्याशी संबंध नाही.

रेल्वेच्या भरपाईचे तर कोष्टकच आहे. निडीच्या वेळी मृत्यूला ४ लाख होते, १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख आहेत. त्याखाली हात, पाय, डोळे, बोटे, हाडे यांची यादी. कामगार भरपाईच्या परिशिष्टातही अंगठा गेला तर ३० टक्के, असे हिशोब आहेत. धाटावच्या कारखान्यात स्फोट झाला आणि शेजारी उभा असलेला सहकारी डोळ्यांदेखत जळाला, तर त्या पाहणाऱ्याच्या नशिबी या परिशिष्टात ओळ नाही. तरी रेल्वेच्या १९९० च्या नियमांत एक पोटनियम आहे, ज्याकडे फारसे कुणी पाहत नाही: कोष्टकात नसलेली, पण वेदना आणि यातना देणारी इजा असेल, तर न्यायाधिकरणाने वैद्यकीय पुरावा पाहून वाजवी रक्कम ठरवावी. माझ्या मते निडीच्या त्या बाईचा रस्ता हाच होता. मन मेंदूत असते, मेंदू शरीरात असतो. निदान झालेला मानसिक आजार म्हणजे इजाच, असे न्यायाधिकरणापुढे ठामपणे मांडता येते. विमानप्रवासाच्या आंतरराष्ट्रीय करारांत ‘शारीरिक इजा’ हाच शब्द आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये त्यातून मानसिक इजा वगळली होती. युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये तिला त्यात घेतले. शब्द तोच राहिला, वाचणारे बदलले.

सगळ्यांत उदार आहे तो ग्राहक कायदा. १९९३ च्या लखनौ विकास प्राधिकरणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ग्राहक मंचाला मनस्तापाची भरपाई देता येते. तेव्हापासून अलिबागपासून दिल्लीपर्यंत निकालांच्या शेवटी ‘मानसिक त्रासापोटी’ अमुक हजार ही ओळ येते. बिघडलेल्या वस्तूसाठी, रखडलेल्या सदनिकेसाठी ती रक्कम मिळते, त्याला मनोविकारतज्ज्ञाचा दाखला लागत नाही. याचा मला आनंद आहे. पण ज्या व्यवस्थेला फ्रिज बिघडलेल्या ग्राहकाचा मनस्ताप दिसतो, तिला रुळांवर मृत्यू पाहून आलेल्या बाईचा आजार का दिसू नये? शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष उत्पादनाच्या संदर्भात ‘हानी’ची व्याख्या केली, तेव्हा मानसिक यातना तीत घेतल्या त्या शारीरिक इजेला, आजाराला किंवा मालमत्तेच्या नुकसानीला जोडून येणाऱ्या. पुन्हा तेच शेपूट.

ग्राहक कायद्याच्याच छायेत १९९८ चा स्प्रिंग मेडोज निकाल झाला. रुग्णालयात चुकीचे इंजेक्शन दिल्याने एका मुलाचे आयुष्य कायमचे निकामी झाले. मुलाला साडेबारा लाख रुपये मिळालेच, पण आईबापांनाही मानसिक यातनांसाठी वेगळे ५ लाख मिळाले. इंग्लंडने २०२४ मध्ये ज्या मुलींना परत पाठवले, त्यांच्यासारख्यांना आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २६ वर्षे आधी आत घेतले होते. हा निकाल आपण पुरेसा वापरलेला नाही. बाहेरचे दाखले शोधण्याआधी वकिलांनी हा उघडावा.

पेणमध्ये या विषयाची आणखी एक बाजू आहे, जिथे अपघातही नाही. सप्टेंबर २०१० मध्ये पेण अर्बन बँक बुडाली. बनावट कर्जांतून पाचशे कोटींहून अधिक रक्कम गेली, दोन लाखांच्या घरात ठेवीदार अडकले. मुलीच्या लग्नाचे, निवृत्तीचे, गणपती कारखान्यातल्या हंगामाचे पैसे होते ते. ठेव विम्याचे संरक्षण तेव्हा १ लाखापर्यंत होते. ‘हाय खाऊन गेला’ हे वाक्य त्या वर्षांत पेणच्या आळ्यांमधून फार ऐकू आले. निष्काळजीपणाचा कायदा अशा ठिकाणी जवळजवळ मुका आहे. पैसे बुडाल्याने आलेला आजार तो धरत नाही. इथे मला सगळ्या दुःखांना भरपाई हवी असे म्हणायचे नाही. दुःख आणि आजार यांत फरक करावाच लागतो, आणि तो डॉक्टरांनी करायचा आहे. पण ज्यांनी लोकांचा विश्वास सांभाळायचे काम पगार घेऊन केले त्यांच्या कसुरीने माणसे आजारी पडली, तर ‘फक्त पैशांचा प्रश्न आहे’ म्हणून हात झटकता येऊ नयेत.

खोट्या दाव्यांचा पूर येईल, ही १८८८ ची भीती आजही विमा कंपन्यांचे वकील घालतात. आपल्याकडे परिस्थिती नेमकी उलटी आहे. इथे खरे दावेसुद्धा येत नाहीत. मनाचे काही बिघडले हे सांगायची लाज, सोयरीक मोडण्याची धास्ती, तालुक्याला मनोविकारतज्ज्ञ मिळण्याची मारामार. आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे कागद. अपघातानंतर केसपेपरवर काय लिहिले जाते? कोपराला खरचट, टीटी दिली, घरी सोडले. झोप लागते का, कुणी विचारत नाही. पंचनाम्यात गाडीच्या काचा मोजल्या जातात. भरपाईच्या अर्जात इजेच्या स्वरूपाचा रकाना असतो, त्यात वकील फ्रॅक्चर लिहितो, कारण फ्रॅक्चरचा एक्स-रे आहे. दोन वर्षांनी उलटतपासात विचारले जाते, ‘तुम्हाला मानसिक त्रास झाला याचा कागद आहे का?’ आणि साक्षीदार मान खाली घालतो.

त्यातच मुदतीचा फास आहे. आघातोत्तर ताणविकार हे निदान मनोविकारशास्त्राच्या अमेरिकन नियमावलीत १९८० मध्ये आले. त्याच नियमावलीत हेही आहे, की काहींमध्ये या आजाराचे पूर्ण चित्र घटनेनंतर सहा महिने उलटल्यावरच उमटते. आणि १ एप्रिल २०२२ पासून मोटार अपघाताच्या दाव्याची मुदत आहे बरोबर सहा महिने. ज्या दिवशी आजार नाव धारण करतो त्या दिवशी कलमाप्रमाणे दार बंद झालेले असते. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. माझ्या मते मानसिक इजेसाठी मुदत निदानाच्या दिवसापासून धरली पाहिजे, आणि हे संसदेने करावे; एकेका न्यायाधीशाच्या दयेवर सोडू नये.

तोपर्यंत जे हातात आहे ते वापरावे लागेल. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ने विमा कंपन्यांना मानसिक आजाराचा खर्च शारीरिक आजारासारखाच द्यायला बांधले आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजार आहे, आणि ‘आयडियाज’ या मोजपट्टीवर त्याच्या दिव्यांगत्वाची टक्केवारी काढून दाखला देता येतो. ज्या न्यायाधिकरणाला टक्केवारीची सवय आहे, त्याच्यापुढे हा दाखला मोडलेल्या पायाच्या दाखल्याशेजारी ठेवता येतो. पेण, रोहा, माणगाव, अलिबागच्या वकिलांनी हे दावे लढवून पाहावेत. दहा हरतील, अकराव्याला कुणीतरी न्यायाधीश लिहील.

आणि वाचकांना एक विनंती. घरातले कुणी अपघातातून धडधाकट परत आले, किंवा मदतीला धावून आले, तर महिनाभर त्याच्याकडे लक्ष ठेवा. झोप, भूक, दचकणे, त्या रस्त्याने जायचे टाळणे, कामातून लक्ष उडणे. असे काही दिसले तर भगताकडे जायचे त्यांनी खुशाल जावे, पण सिव्हिल हॉस्पिटललाही जा. तेही जमत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येते. डॉक्टरांना अपघाताची तारीख सांगा, ती केसपेपरवर लिहायला लावा, औषधाची चिठ्ठी आणि पावती जपून ठेवा. रेल्वेच्या दाव्याला एक वर्ष, ग्राहक तक्रारीला दोन वर्षे, मोटार अपघाताला सहा महिने. हे दिवस अपघाताच्या दिवसापासूनच मोजायला लागा.